मास्तरांची वही

नगरकडच्या प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत एक रिटायर मास्तर असतातच. इथं १८३१ साली मिशन आलं, मिशनमागून शाळा, शाळांमागून मास्तर. मिशनरी गेले, मास्तर राहिले. पांढरा सदरा, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. पिशवीत पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि शंभर पानी वही. लोक भितात ते वहीला.

उपासना सुटली की गाडीला किक मारता मारता आपण म्हणतो, "प्रार्थनेत आठवण ठेवा हं." समोरचा "हो हो" म्हणतो आणि फाटकापाशी दोघंही विसरतात. सगळ्या मंडळीचा सलोखा या विसरण्यावर उभा आहे. मास्तर मात्र वही काढतात, तारीख घालतात आणि पहाटे साडेचारला उठून खरोखरच प्रार्थना करतात. वर चौकशीही करतात. भर एस.टी. स्टँडवर गर्दीतून हाक येते, "सलाम! मूळव्याध कशी आहे? रोज नाव घेतोय. उतार असेल तर सांगा, आभाराच्या पानावर घेतो."

एकाच्या मुलाला नोकरी लागली. मास्तर आनंदानं घरी गेले, "कशी लागली ते रविवारी उभं राहून साक्ष द्या." नोकरी कशी लागली हे फक्त बापाला आणि साहेबाला ठाऊक. ते कुटुंब हल्ली दुसऱ्या मंडळीत जातं.

भजनाला मास्तर पेटीशेजारी बसतात. रेव्हरंड टिळकांचं भजन पोरांनी पळवलं की हात वर. "घाई कसली? टिळक १९१९ ला गेले. 'ख्रिस्तायन' अर्धं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी नेटानं पुरं केलं. तुम्हाला चार कडव्यांचा दम नाही?"

पण खरी गंमत झाली ती मत्तयच्या पाचव्या अध्यायानं. भावाचं मन आपल्याविषयी कलुषित आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करावा, असा तो भाग. पाळकसाहेब सुंदर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दानार्पणाची थैली फिरू लागली ती मास्तरांपाशी येऊन अडली. त्यांनी वही चाळली, पाकीट बाकावर ठेवलं आणि उठून चालू लागले. बाहेर सायकलची घंटी वाजली. उरलेल्यांनी अशा वेळी काय करायचं हे कुठंच लिहिलेलं नाही. पाळकसाहेबांनी एक गीत जादा घेतलं, मग आणखी एक.

तासाभरानं मास्तर घामाघूम होऊन परतले. भाऊ बाजारला गेलेला. भावजयीनं चहा दिला आणि "बांधाचं ते आल्यावर बोला" म्हणाली. पाकीट तीन रविवार मास्तरांच्या खिशातच राहिलं. चौथ्या आठवड्यात मंडळीचे खजिनदार स्वतः गावी गेले आणि दोघा भावांचा समेट करून आले. बांधासकट.

परवा तीच सायकल माझ्या दाराला टेकली.

"बाळा, वहीत तुझं नाव निघालं. हंगामाच्या सणाला लिलावात तू भोपळ्याची बोली उगाच चढवत नेलीस. मी मनात राग धरला होता. क्षमा कर."

मला भोपळा आठवतही नव्हता. आता आठवला. बोली चढवत होते मास्तर. साडेचारशेला भोपळा पडला माझ्या गळ्यात, आणि आम्ही घरी चार दिवस भोपळाच खात होतो.

"केली क्षमा," मी म्हणालो.

मास्तरांनी नावावर रेघ मारली, बशीत ओतून चहा प्यायला आणि हलके होऊन सायकलवर बसले.

रविवारी थैली माझ्यापुढं आली. नोट बोटांत धरून मी कितीतरी वेळ मास्तरांच्या पाठीकडं बघत राहिलो. मागच्या बाकावरचा खोकला.