चढ काढावा कसा? (केवळ नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. निर्देशक भूमितीच्या धड्यापर्यंत पोचलात, म्हणजे समरूपता आणि पायथागोरस या दोन्ही घाटांतून तुम्ही सुखरूप बाहेर पडला आहात. आता रेषेचा चढ काढायचा. तिरप्या रेषांची काळजी नको. त्या स्वभावाने गरीब. सूत्रात घातल्या की मुकाट्याने उत्तर देतात. गाठ आहे ती दोघींशी, एक आडवी आणि एक उभी. दिसायला दोघीही साध्या, आलेख कागदावर छापील रेघ गिरवली तरी काढून होतात. हमखास गुण खातात त्या याच.

साहित्य फार लागत नाही. दोन बिंदू, एक पेन्सिल आणि वजाबाकी येणारा माणूस. दुसऱ्या बिंदूच्या वायमधून पहिल्याचा वाय वजा करून अंशात ठेवावा. एक्सचं तसंच करून छेदात ठेवावं. पहिला बिंदू कोणता आणि दुसरा कोणता, यावरून शेजाऱ्याशी वाद घालू नये. अंशात जो क्रम तोच छेदात ठेवला की उत्तर बदलत नाही. वर एक क्रम आणि खाली दुसरा, असा घोळ घातलात तर मात्र चढाचा उतार होईल. आलेल्या उत्तराला एम म्हणावं. एमच का, याचा समाधानकारक खुलासा गणिताच्या इतिहासकारांकडेही नाही, तेव्हा सरांना विचारून त्यांना उगाच अडचणीत आणू नये.

हात साफ करण्यासाठी आधी आडवी घ्या. बिंदू (२, ३) आणि (७, ३). अंशात ३ वजा ३, म्हणजे शून्य. छेदात ७ वजा २, म्हणजे ५. शून्य भागिले ५, उत्तर शून्य. इथे नवशिक्याचा धीर सुटतो. एवढी खटपट करून हाती शून्य आलं, म्हणजे काहीतरी चुकलंच असणार, असं त्याला वाटतं आणि तो खाडाखोड सुरू करतो. करू नये. शून्य हे उत्तर आहे, चांगलं भरभक्कम उत्तर आहे. रेषा पाच घरं पुढे गेली आणि तसूभरही वर चढली नाही, एवढंच ते सांगतं. अशा सगळ्या रेषांचं समीकरण ‘वाय बरोबर अमुक’ एवढ्यावर भागतं; आत्ताच्या रेषेचं, वाय = ३.

शून्याची किंमत कळत नसेल तर रेल्वेवाल्यांना विचारा. भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तिथला सगळ्यात कडक चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. भागाकार केलात तर जेमतेम ०.०२७ येतं. वहीत हा आकडा काढला तर रेषा आडवीच वाटेल. पण तेवढ्यासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं जोडावी लागतात, आणि ती जोडेपर्यंत प्रवासी खाली उतरून वडे खातात. उलट स्टेशनच्या यार्डात रूळ होता होईल तेवढे सपाट ठेवतात, नाहीतर उभे डबे कुणाला न सांगता आपले आपण निघतील. तेव्हा शून्याला नाक मुरडू नका, आणि पुढल्या गणितात बेफिकीरपणे ‘चढ = ५’ लिहिताना त्या इंजिनांची थोडी दया येऊ द्या.

आता उभी. बिंदू (४, १) आणि (४, ६). अंशात ५ आले, छान. छेदात ४ वजा ४. इथे पेन्सिल खाली ठेवावी आणि पाणी प्यावं.

५ भागिले शून्य. म्हणजे अशी संख्या हवी, जिला शून्याने गुणलं की ५ मिळतील. शोधा. शून्याने कशालाही गुणा, शून्यच येतं. संख्यारेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी संख्या नाही. कॅल्क्युलेटरला विचारलंत तर तोही ‘एरर’ म्हणून हात झटकतो, आणि या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

वर्गातला हुशार मुलगा इथे हमखास हात वर करतो: “सर, अनंत!” त्याला खाली बसवण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. वरचा बिंदू किंचित उजवीकडे सरकवून (४.१, ६) घ्या, चढ ५०. (४.०१, ६) घ्या, चढ ५००. (४.००१, ६) ला ५०००. मुलाचा चेहरा फुलतो. आता तोच बिंदू डावीकडून आणा. (३.९९, ६) ला उणे ५००, (३.९९९, ६) ला उणे ५०००. एका बाजूने आकडा आभाळाकडे निघाला आणि दुसऱ्या बाजूने पाताळाकडे, रेषा मात्र मध्ये तीच उभी. कोणता अनंत लिहायचा, अधिक की उणे? म्हणून शहाणी माणसं काहीच न लिहिता ‘चढ ठरवता येत नाही’ म्हणतात.

अर्थात मुलाला फार हिणवू नये. तो चांगल्या संगतीत आहे. शून्य भागिले शून्य शून्यच, असं ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहून ठेवलं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं, तिला अनंत मानलं, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही असंही सांगितलं. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. एवढ्या थोर माणसांचा पाय जिथे अडखळला, तिथे दहावीतल्या मुलाने दोन मिनिटं थबकणं अगदी रास्त आहे.

उभ्या रेषेचे आणखी नखरे आहेत. वाय = एमएक्स + सी या सूत्रात ती बसत नाही, कारण एमच्या जागी ठेवायला काही नाही. तिचं समीकरण एक्स = ४, बस. ‘लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे १’ हा पाठ केलेला नियमही इथे लावू नये. आडवी आणि उभी एकमेकींना लंब आहेत हे डोळ्यांना दिसतं, पण शून्याला नसलेल्या संख्येने गुणणार कसं? नियम चुकीचा नाही, तो या जोडीसाठी केलेलाच नाही.

शेवटी उत्तरपत्रिकेबद्दल. ‘चढ नाही’ असं मोघम लिहू नका. त्यातून शून्य म्हणायचं आहे की ठरवता येत नाही, हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि कळलं नाही की तो गुण देत नाही. आडवीला ‘चढ शून्य’ लिहा. उभीला ५/० लिहून वही मिटू नका. त्याखाली ‘छेद शून्य असल्यामुळे चढ ठरवता येत नाही’ हे वाक्य पूर्ण लिहा.