बोरीबंदरची फरशी

लातूरची गाडी सकाळी मुंबईत टेकते आणि रात्री परत निघते. मधला अख्खा दिवस मुरुड, ढोकी, येडशीच्या माणसाला मुंबईत काढावा लागतो. कुणाला परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचं असतं, कुणाची फाइल मंत्रालयात अडकलेली असते. काम चार-पाचला उरकतं. लॉजचं भाडं परवडत नाही, पाहुणे विरार-बदलापूरला. मग माणूस बोरीबंदर स्टेशनवर येतो, मेन लाइनच्या हॉलमध्ये खांबाकडेची जागा धरतो, रिपोर्टांची पिशवी मांडीखाली दाबून ठेवतो आणि धपाट्यांचं फडकं सोडतो. गाडीला अजून तीन-चार तास असतात. ते सगळे फरशीवर जातात.

आणि इमारत कसली! फ्रेडरिक स्टीव्हन्सने 1878 मध्ये काम सुरू केलं, ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी दगडात मोर, माकडं, पानंफुलं कोरली. फाटकावर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. 2004 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नाव घातलं. योग्यच झालं. इतकं देखणं स्टेशन देशात दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण या वैभवात आमचा, मराठवाड्याचा, वाटा आहे, तो कुणी मोजत नाही. मुंबईला श्रीमंती आली ती कापसाने. त्यातला थोडाथोडका नव्हे इतका कापूस आमच्या भागातून बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत यायचा आणि पुढे जीआयपी रेल्वेने मुंबईला जायचा. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, 1911 मध्ये अडीच फुटी रूळ मुरुडवरून लातूरला पोचले. गाठी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढू लागल्या. आमच्या शेतातला माल नेण्यात रेल्वेने कधी कुचराई केली नाही. माल पिकवणाऱ्याला टेकायला जागा देताना मात्र हात आखडता.

2025 च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाचे आंदोलक आझाद मैदानात आले. वर पाऊस, खाली चिखल. रात्री कित्येकांना आसरा मिळाला तो याच स्टेशनात. तेव्हा गर्दीची, घाणीची ओरड झाली. मराठवाड्याचा माणूस तिथे एरवीही रोज जमिनीवर बसतो, त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता स्टेशनाचा पुनर्विकास चालू आहे. 2022 मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली. आराखड्यात रुळांवर भलामोठा छतचौक आहे, त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत. जनरलचं तिकीट खिशात असलेल्याला पाठ टेकायला किती जागा, हे आमच्या खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना समोरासमोर विचारलं पाहिजे. पैसे भरून बसायच्या वातानुकूलित कक्षाचं कौतुक आम्हाला सांगू नका. टाटातून केमो घेऊन आलेल्या बाईला आडवं व्हायला बाकडं हवं, पिण्याचं पाणी हवं, रांग न लावता जाता येईल असा स्वच्छ संडास हवा, सामान ठेवायला खोली हवी. आणि हे सगळं फुकट.

जमत नाही म्हणू नका. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरचा घसा कोरडा पडला तेव्हा याच रेल्वेने मिरजेहून टँकरची गाडी भरली, आमच्या मुरुडवरून नेली आणि महिनोन्‌महिने पाणी पुरवलं. मनात आणलं, झालं. छतचौकात आधी लातूर-नांदेडच्या उतारूंची जागा आखा, दुकानांचे गाळे उरलेल्या जागेत काढा.