श्रीखंडाच्या डब्यातला स्क्रू

आमच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मी गॅसवर कुकर चढवायचो. तिसऱ्या शिट्टीला विंडोजचं तोंड दिसायचं आणि वरणाला फोडणी पडेपर्यंत माउस हलायला लागायचा. आतली हार्ड डिस्क दमेकऱ्यासारखी कर्रर्र-टक् करायची. भाच्याने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "मामा, हिचे दिवस भरले. एसएसडी टाका."

हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 7200 फेरे मारते आणि एक दांडी फाइल शोधत तिच्यावर हिंडते. एसएसडीत हलणारं काहीच नाही, नुसत्या चिप. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखं: खुर्चीतून उठायचं नाही आणि कुणाच्या घरात काय आहे ते पटकन सांगायचं.

शनिवारी गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड अशा तीन गाड्या करून कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. लॉर्ड लॅमिंग्टन 1907 साली मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेले, पण आमच्या जिभेवरून अजून डिलीट झालेले नाहीत.

"साटा या एनव्हीएमई?" दुकानदाराने विचारलं. साटावाली सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, जेन थ्रीची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई 3500 च्या आसपास आणि जेन फोरची 7000 पर्यंत. मी अर्थातच सात हजारवर बोट ठेवलं. फोनवर भाचा ओरडला, "मामा, तुमचा बोर्ड 2018 चा, जेन थ्रीवाला! त्यात जेन फोर घातली तरी ती थ्रीच्याच वेगाने धावणार." हार्बर लाइनवाल्याला हे लगेच पटतं. आमच्या रुळांवर कुठलीही गाडी आणा, ती स्लोच.

मुकाट्याने जेन थ्रीची 1 टीबी घेतली. घरी येऊन लावली की ती 931 जीबीच भरते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. रद्दीवाल्याचा काटा आणि आपला काटा कधी जुळलाय का?

वस्तू बघाल तर चिक्कीची पातळ पट्टी. 22 मिलिमीटर रुंद, 80 लांब, म्हणून नाव 2280. बोर्डावरच्या खाचेत ती तिरकी घालायची, दाबून आडवी करायची आणि शेपटाशी स्क्रू लावायचा. मी दाबली, सोडली, तिने टुणकन डोकं वर काढलं. स्क्रू? तो बहुतेक वेळा मदरबोर्डच्या खोक्यातून येतो. आणि ते खोकं मी सात वर्षांपूर्वीच कचऱ्यात टाकलेलं.

"अहो, हा का?" बायकोने श्रीखंडाच्या डब्यातून एक पुडी काढली. आत मोहरीहून जरासा मोठा स्क्रू. "तुम्ही खोकं फेकायला निघालात, तेव्हाच काढून ठेवला होता."

मग विंडोज घातलं. भाच्याने बजावलं होतं की तेवढा वेळ जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. मी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क काढली, तर नवी सुरूच होईना. बूटची फाइल जुनीवरच जाऊन बसली होती. सून घरात आली, पण किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला! मग जुनी बाहेरच ठेवून सगळं पहिल्यापासून केलं.

शेवटी भाच्याने उपदेश केला. "एसएसडीत लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर अख्खा ब्लॉक. म्हणून ती कामाचं दुसरीकडे हलवते आणि ब्लॉक रिकामा करते. याला म्हणतात गार्बेज कलेक्शन. त्यातला कचरा कोणता, हे विंडोज तिला कळवतं. त्या निरोपाचं नाव ट्रिम. आणि तिला गच्च भरू नका, मंदावते."

गार्बेज कलेक्शन, आणि ते देवनारच्या माणसाला शिकवायचं? 1927 पासून मुंबईचा कचरा आमच्या दारातल्या डम्पिंग ग्राउंडवर येतोय. त्याचा डोंगर झाला. 2016 च्या जानेवारीत तो पेटला, तेव्हा धुराने अर्ध्या शहराला आमचा पत्ता कळला. कलेक्शन आपल्याकडे जोरात आहे, नडतंय ते ट्रिमपाशी. ओलं कुठलं, सुकं कुठलं, कामाचं कुठलं, हे डब्यापाशी कुणी सांगतच नाही.

माझ्या डिस्कवर तरी वेगळं काय होतं? सुप्रभातचे हजारभर फोटो आणि भाच्याच्या मुंजीच्या चार प्रती. ते मी जिवापाड जपलं आणि स्क्रू फेकून दिला. आमच्या घरातलं ट्रिम बायकोकडे आहे, हे उशिरा कळलं.

आता कुकर गॅसवर ठेवेपर्यंत कॉम्प्युटर तयार असतो. तुम्हीही एसएसडी घ्यायला निघाला असाल तर वेगाचे आकडे नंतर वाचा. आधी बोर्डावर खाच आहे का ते बघा, आणि घरात स्क्रू आहे का ते विचारा.