पुराव्यानिशी

आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या सरांना गावात आडनावाने कोणी ओळखत नाही. ते 'पुरावे सर'. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा बाकीचे शिक्षक आठ-दहा तासांत उरकतात. सरांकडे तो शाळा उघडताच सुरू होतो आणि पोळ्यापर्यंत चालतो. मुख्याध्यापक विचारतात, "सर, धडा संपला का?" सर म्हणतात, "संपला." आणि त्यांचा डावा कान हलतो.

हा कान म्हणजे सरांचं घरचं अवशेषांग. गाय, कुत्रा आवाजाच्या दिशेने कान वळवतात. माणसाच्या कानामागे ते स्नायू अजून आहेत, पण बहुतेकांच्या कामाचे राहिलेले नाहीत. सरांचे आहेत, तेही एकाच बाजूचे. वर्गात ते मुद्दाम हलवून दाखवतात. खोटं बोलताना मात्र कान आपला आपण हलतो. मुख्याध्यापक कानाकडे बघतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

मी मराठी शिकवतो. ऑफ तासाला सर माझ्याशेजारी येऊन बसतात. "माकडहाड हा शब्द कोणी केला हो?" मी म्हणालो, असा एकेका शब्दाचा बाप सापडत नसतो. "डार्विनचं पुस्तक १८५९ सालचं," सर म्हणाले. "त्याचं नावही न ऐकलेल्या आपल्या आज्या ओसरीवरून घसरून माकडहाड आपटून घेत होत्या! शेपूट गेलं, तिथं मणक्याचे चार तुकडे जुळून राहिले, आणि त्याला नाव काय, तर माकडहाड! भाषेनं कबुलीजबाब देऊन टाकलाय. खाली सही तेवढी तुमची हवी."

सरांना पुरावा कुठेही दिसतो, ही खरी अडचण. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले होते. पोहे आले. मुलीचं शिक्षण विचारायचं सोडून सर म्हणाले, "बेटा, अंगठ्याला करंगळी टेकव आणि मनगट जरा आत वाकव." असं केलं की बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध स्नायूची एक नस ताठ उभी राहते. काहींना ती जन्मतःच नसते, आणि त्यांचं काही अडत नाही. डॉक्टर तर ती काढून शरीरात दुसरीकडे जोडायला वापरतात. मुलीच्या मनगटावर नस नव्हती. सरांना इतका आनंद झाला, की ते ओरडलेच, "नाही! हिला नाही!" शिवाय, मुलगी आपल्या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे आहे, असंही म्हणाले. (उत्क्रांतीत पुढे-मागे काही नसतं, हे वर्गात तेच बजावतात, पण आनंदात माणूस काय बोलेल याचा नेम नाही.) मुलीकडच्यांनी सोयरीक तिथेच मोडली. पुतण्या अजून काकांशी बोलत नाही.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा नाही. पुस्तकात 'उत्परिवर्तन' असा शब्द आहे; पोरं तो पाठ करतात आणि विसरतात. सर फळ्यावर लिहितात 'फेरफार'. तलाठ्याच्या फेरफाराला इंग्रजीत म्युटेशनच म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. "जुन्या कागदाची नक्कल करताना हात चुकला, वानखडेच्या 'ख'वर एक मात्रा जास्त पडली. पुढच्या साऱ्या पिढ्या वानखेडे. चूक एकाची, वारसा सगळ्यांना!"

एकदा एक पालक तावातावाने आले. "सर, माणूस वांदरापासून झाला म्हून शिकवता म्हणे. मंग हे आत्ताचे वांदरं कायले नाही होत माणूस?"

"भाऊ, तुमच्या घरासमोर तुमचे चुलतभाऊ राहतात. तुम्ही त्यांच्यापासून झालात का?"

"त्याच्यापासून? त्याच्यासंगं धुऱ्याची केस हाय माही!"

"पण आजोबा एकच ना?"

"जुन्या सातबाऱ्यावर हाय तसं."

"झालं तर. आजोबा एक, वाटण्या झाल्या. ते झाडावर राहिले, आपण खाली आलो."

भाऊ विचार करत गेले. चुलतभाऊ वांदर आहे, एवढं त्यांना पटलं होतं.

२०१८ च्या जानेवारीत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत सांगितलं, की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. सर पेपर घडी करत म्हणाले, "आमच्या आज्यानं तर खरेदीखतही लिहून ठेवलं नाही. वहिवाट आहेच ना!"

त्याआधीच्याच हंगामातली गोष्ट. बीटी कापूस २००२ साली आला, २००६ साली दोन जनुकांचा आला, आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली. तेच भाऊ मूठभर किडकी बोंडं घेऊन शाळेत आले. "सर, बीटीत अळी कशी?" सरांनी ब्लेडने बोंड चिरलं. आत गुलाबी अळी आरामात. सरांचे डोळे चमकले. भाऊंचं पीक गेलं होतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं आणि ते वरमले. मग हळू आवाजात सांगू लागले. बीटीच्या झाडातलं विष सगळ्या शेतात. लाखो अळ्या मेल्या. एखाद-दुसरीत आधीपासून फेरफार होता, ती वाचली. तिला जोडीदार भेटला तोही वाचलेलाच. त्यांची पोरं सगळी विष पचवणारी. "म्हणून तर साडेचारशे ग्रॅमच्या बीटीसोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी देत होते. ती कडेनं पेरायची. तिथल्या साध्या पतंगांशी जोडी जमली की पोरं पुन्हा बीटी खाऊन मरतात. पुडी पेरली होती का?"

"ते रेफ्युजी? धुऱ्यावर फेकली." भाऊ क्षणभर थांबले. "सर, तुमचंबी चार एकर हाय ना बटईनं? तुमी पेरली होती?"

"पेरली होती ना," सर म्हणाले.

भाऊ बोंडाकडे बघत होते. मी कानाकडे.