विश्वास पानिपतात

माझा पासवर्ड 'विश्वासराव१७६१' होता, हे आता सांगायला हरकत नाही. पानिपतच्या भंगारवाल्याला तो आधीच ठाऊक झालाय.

दर १४ जानेवारीला आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. यंदा डिकीत हारांशेजारी माझा तेरा वर्षांचा कॉम्प्युटरही होता. दिल्लीत विकला तर सीलमपूरला जाणार, तिथे यंत्रांची आतडी बाहेर काढतात, आणि माझ्या यंत्रात पानिपतावरची माझी अपुरी कादंबरी! म्हणून आदल्या रात्री सगळं डिलीट केलं, रिसायकल बिन झटकला आणि निर्धास्त झोपलो.

स्मारकापाशी मी नेहमीप्रमाणे सावकाराच्या पत्राची गोष्ट लावली. कुणी विचारलेलं नसतं. ते आंब्याचं झाड केव्हाच वाळून गेलं, आता नुसता विटांचा स्तंभ आणि कठडा. बोलणार तरी कशावर? तर, पानिपतची लढाई हरल्यावर एका सावकाराचा जासूद ते पत्र घेऊन दक्षिणेत चालला होता. भेलशाजवळ ते नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलं. दुसऱ्याचं पत्र, पण फोडलं. आत सगळी सराफी भाषा: दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्द्याचा हिशेबच नाही. किती पक्की गुप्तता! इथवर मी रंगात येतो. पण ती उलगडायला नानासाहेबांना कुणी जाणकार लागला नाही. एक मोती चुलतभाऊ होता, दुसरा थोरला मुलगा विश्वासराव. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब गेले. इथे दरवर्षी माझा आवाज बसतो, आणि मंडळी चहाकडे वळतात.

मग कॉम्प्युटर घेऊन भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या पोराने डिस्कला वायर जोडली. "अंकलजी, डिलीट से सिर्फ पता मिटता है, मकान वहीं खड़ा रहता है." वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच असतं म्हणे. दहा मिनिटांत पडद्यावर माझं पॅनकार्ड, बायकोचं आधार आणि 'सगळे पासवर्ड' नावाची फाइल हजर. मग कादंबरी: 'अंतिम', 'अंतिम २', 'खरंच अंतिम'. तिन्ही मिळून सात पानं.

"ये भी मिटानी है?" त्याने विचारलं. काळजीने नव्हे.

त्याने ड्रिल लावून डिस्कला चार भोकं पाडली. आतल्या चकत्या आरशासारख्या लखलखीत निघाल्या. भोकांपायी भाव पन्नास रुपयांनी उतरला.

घरी येऊन पासवर्ड बदलला. कुणाला सांगणार नाही.

"१७६१ काढून १८१८ केलं असशील," बायको चहा गाळता गाळता म्हणाली.