मातीवर असतं तं…

भाऊंची ओळख करून द्यायला नको. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि तालुक्याला एक धरले तरी भाऊ किमान तेरा. मलकापूरला ते कापसाचे अडते असतात, मेहकरला निवृत्त ग्रामसेवक, देऊळगावराजाला बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. खांदे मात्र सगळीकडे तेच, एके काळी कोपरा सांभाळलेले. ज्या वर्षी त्यांच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला, त्या वर्षी भाऊ त्या संघात होते. राखीव होते, पण होते. त्यानंतर संघानं पहिल्या फेरीत हरायचं आणि भाऊंनी कारण सांगायचं, अशी वाटणी झालेली आहे. सामने आता मॅटवर होतात, त्यामुळे कारण एकच आणि ते सामना संपायच्या आधीच तयार असतं: ‘मातीवर असतं तं आपले पोट्टे हरलेच नसते!’

या वाक्याला पुराव्याची गरज लागत नाही, त्यामुळे ते कुठेही चालतं. संघ तीस गुणांनी हरला तरी मातीवर असतं तं, एका गुणानं हरला तरी मातीवर असतं तं. जीप घाटात बंद पडली, संघ वेळेवर पोचलाच नाही आणि प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल मिळाली, तरीही मातीवर असतं तं. जीप की कबड्डी, हे विचारायचं नसतं. बरं, सामना खरोखरच मातीवर झाला आणि त्यातही हरले, तर भाऊ वाकून चिमूटभर माती उचलतात, बोटांत चोळतात आणि म्हणतात, ‘हे काय माती आहे काय? हा तं मुरूम होय.’ शिवाय त्यांच्या हाताशी इतिहास आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, ही खरी गोष्ट. ती हिटलरनं पाहिली की नाही याबद्दल भाऊंच्या मनात शंका नाही. पाहिली, आणि मातीवर पाहिली. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं भारताच्या पुरुष संघाला उपांत्य सामन्यात 27-18 असं हरवलं, तेव्हा अख्खा देश हळहळत होता आणि भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. 1990 ते 2014 अशी ओळीनं सात सुवर्णपदकं मिळवणारा देश हरला, म्हणजे दोष मॅटचा, हे सिद्ध झालं. पुढे हांगचौला 2023 मध्ये त्याच इराणला 33-29 असं हरवून सुवर्ण परत आलं, तेही मॅटवरच. त्या अंतिम सामन्यात एका चढाईवरून वाद होऊन खेळ बराच वेळ खोळंबला होता. भाऊंनी तेवढंच लक्षात ठेवलं. मातीवर असतं तं वाद झाला नसता, पाय कुठे पडला ते उमटलं असतं की!

आता हसणं बाजूला ठेवून या तक्रारीचा विचार करू, कारण ती अगदीच निराधार नाही. खेळ बदलला आहे, आणि मुळापासून बदलला आहे. मातीत चढाईपटूचा पाय जरासा रुततो, त्यामुळे कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याला घोटा पकडायला अर्धा क्षण जास्त मिळतो. मॅटवर बुटाचा तळवा धरून राहतो, गडी जागच्या जागी वळतो, आणि तो अर्धा क्षण चढाई करणाऱ्याच्या पदरात जातो. त्यात 2014 साली प्रो कबड्डी आली आणि टीव्हीच्या पडद्यावर तीस सेकंदांचं घड्याळ उलटं धावू लागलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचं. ज्यांनी दम किती टिकतो यावर माणसाची किंमत ठरवली, त्यांना हे घड्याळ अपमानास्पद वाटणार, हे समजू शकतं. पण न्याय करायचा तर तिसऱ्या चढाईचा नियम ही या खेळाला मिळालेली सर्वांत शहाणी सुधारणा आहे. आधी काय चाले? चार गुणांची आघाडी मिळाली की उरलेला वेळ मध्यरेषेवर फेऱ्या मारत काढायचा, निदानरेषेला पाय लावून परत फिरायचं, आणि पंचांच्या शिट्टीची वाट पाहायची. त्या वेळकाढूपणाला भाऊ आज ‘डोक्यानं खेळणं’ म्हणतात. तेव्हा प्रेक्षक त्याला काय म्हणत ते छापता येणार नाही. आणि पाय उमटण्याचं म्हणाल, तर पहिल्या दहा मिनिटांत फक्कीची रेघ पुसली जायची आणि निम्मी भांडणं त्या पुसलेल्या रेघेवरूनच व्हायची.

भाऊंच्या सिद्धान्तातली खरी अडचण मात्र त्यांच्या पायाखालीच आहे. कुठली माती? घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोदकडे काळी कसदार जमीन. ती पावसात पायाला किलोकिलोनं चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की पाय घोट्यापर्यंत जावा. तिच्यावर कपाशी छान येते, कबड्डी येत नाही. मैदान करायचं तर बाहेरून माती आणून, चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून करावं लागतं, आणि ते दरवर्षी करावं लागतं. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, जमीन हलकी. तिथे खडे वेचण्यातच पहिला आठवडा जातो. म्हणजे भाऊंच्या आठवणीतली माती ही निसर्गाची देणगी नव्हती. कुणीतरी, बहुधा एखाद्या खाष्ट क्रीडाशिक्षकानं, पोरांकडून राबवून घेतलेलं ते काम होतं. ते काम बंद पडलं. माती गेली आणि मॅट आलं नाही. आपल्या महाविद्यालयांतली मुलं मॅटवर हरतात हे खरं, पण म्हणून मॅटनं त्यांना हरवलं असं होत नाही. सामन्याच्या दिवशीच पहिल्यांदा मॅट बघणाऱ्याचं दुसरं काय होणार? बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याकडून बूट मागून घेतो, लेस बांधेपर्यंत पंच खोळंबतात, आणि बूट एक नंबर मोठा असल्यामुळे पहिल्याच वळणावर टाच आत घसरते. हे दृश्य ज्यानं पाहिलं, त्याला पराभवाचं कारण शोधायला इतिहासात जावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, खेळच आता पैशाचा झाला, गरीब जिल्ह्यांचा राहिला नाही. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाख मिळाले. त्या बाजारात चिखलीच्या पोरानं काय करायचं? आक्षेप वजनदार वाटतो, पण टिकत नाही. 2019 साली तेलुगू टायटन्सनं एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले ते सिद्धार्थ देसाईसाठी, आणि तो चंदगड तालुक्यातल्या खेड्यातला. काशिलिंग आडके, नितीन मदने सांगलीकडचे. पुणेरी पलटणला 2024 मध्ये विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. ही काही मलबार हिलवर वाढलेली मुलं नव्हेत. मातीवर सुरुवात करून मॅटवर पोचलेली आहेत, कारण मधल्या पायऱ्या त्यांच्या भागात शाबूत होत्या: गावचा संघ, तालुक्याचं मंडळ, रात्रीचे निमंत्रित सामने, वर्षभर सुरू असलेला सराव. मग दुसरा आक्षेप येतो की विदर्भाच्या वाट्याला हरणंच आलेलं आहे. तोही पोकळ आहे. विदर्भाचा क्रिकेट संघ 1957 पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षं त्याला कुणी मोजत नव्हतं. नागपुरात अकादमी उभी राहिली, वासिम जाफरसारखा अनुभवी माणूस आणला, चंद्रकांत पंडितांसारखा शिस्तीचा प्रशिक्षक आणला, आणि 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक आला. खेळपट्टी कुणी बदलली नव्हती. व्यवस्था बदलली होती. ती नागपूरपर्यंत आली आणि तिथेच थांबली, हे वेगळं दुखणं.

मग आपल्याकडे कबड्डीला नेमकं काय झालं? पहिलं कारण 1600 मीटरचं आहे. पोलिस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक, असे पन्नास गुण. सैन्यात अग्निवीर व्हायचं तरी तेवढंच अंतर. पहाटे साडेचारला जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पाहा, जी पोरं एके काळी चढाई करायची ती आता रांगेनं सरळ पळताना दिसतात. त्यांना वळायचं नाही, कुणाला हुलकावणी द्यायची नाही, आणि गुडघा तर मुळीच दुखावून घ्यायचा नाही. भरतीच्या तोंडावर कबड्डी खेळणाऱ्या पोराला घरचे वेड्यात काढतात, आणि घरच्यांचं चूक नाही. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के जागा आहेत हे खरं, पण त्यासाठी वरच्या पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवण्याचा मार्ग मैदानातूनच जातो असं नाही, हे राज्यात गाजलेल्या बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांवरून सर्वांना कळलेलं आहे. त्यात ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं होती. अर्ध्या तालुक्यांनी ट्रॅम्पोलिन पाहिलेली नाही, पण खेळाडू तयार. दुसरं कारण सत्र पद्धतीचं. वर्षाला दोन परीक्षा, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं, आणि स्पर्धा नेमक्या त्याच दोन-तीन महिन्यांत. तिसरं कारण रिकाम्या खुर्चीचं. शारीरिक शिक्षण संचालकाची जागा जिथे वर्षानुवर्षं भरली जात नाही, तिथे खेळाचा कार्यभार अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जातो. ते मागणी आणि पुरवठा उत्तम शिकवतात. संघ मात्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाहारगृहात जे सापडतील त्यांतून निवडतात.

ही सगळी कारणं भाऊंना ठाऊक नसतील? जो माणूस प्रत्येक पोराच्या बापाला ओळखतो, कुठल्या पोराचा कागद भरतीत अडकला ते ज्याला माहीत असतं, त्याला मॅटपलीकडचं काही दिसत नाही, हे पटण्यासारखं नाही. इथे भाऊंबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. इतकी वर्षं संघ हरतो आहे आणि त्यांनी कधी ‘हे पोट्टं कुचकामी आहे’ असं म्हटलेलं नाही. टीव्हीसमोर बसून प्रो कबड्डी पाहणारा चाहता एका चुकीच्या पकडीवर खेळाडूचं खानदान काढतो. भाऊ दोष देतात तो रबराच्या एका निर्जीव तुकड्याला. हरलेल्या पोराच्या खांद्यावर काहीच येऊ द्यायचं नाही, अशी ती तरकीब आहे, आणि पोरांनाही ती कळलेली आहे. म्हणून शेवटची शिट्टी झाली की सातही जण धापा टाकत भाऊंकडे बघतात आणि भाऊंच्या आधीच एका सुरात म्हणतात, ‘मातीवर असतं तं!’ भाऊ रागावल्यासारखं करतात, मग पिशवीतून डझनभर केळी काढतात. कोपर सोलवटलेल्याला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेतात. आणि पुढच्या वर्षी प्राचार्यांच्या दालनाबाहेर पुन्हा जाऊन बसतात, सरावासाठी माती टाकून द्या म्हणून. जिंकणाऱ्या संघाला चाहते मिळतात. पहिल्या फेरीत बाद होणाऱ्या संघाला सकाळी नऊ वाजता मैदानावर माणूस मिळणं कठीण असतं. त्या वेळी तिथे प्रतिस्पर्धी संघ, दोन पंच, गुणलेखक आणि भाऊ असतात. प्राचार्य समारोपाला येतात.

ते प्राचार्य आणि त्यांच्या संस्था यांना मात्र भाऊंचं हे औदार्य लागू करायचं कारण नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पाहणी ठरली की व्यायामशाळेचं कुलूप उघडतं, डंबेल्सवरची धूळ झटकली जाते, आणि क्रीडाविभागाच्या फायलीत संघाचं गणवेशातलं छायाचित्र लागतं. पाहणी उरकली की गणवेश जमा. ‘खेळामुळे व्यक्तिमत्त्वाचा विकास’ हे वाक्य प्रत्येक प्रवेशपुस्तिकेत असतं, आणि त्याच महाविद्यालयाचं मैदान लग्नसमारंभांना आणि प्रचारसभांना भाड्यानं दिलेलं असतं. तंबूचे खुंट जिथे ठोकले तिथे कबड्डीचं अंगण होतं. मॅटला पैसे लागतात, लाखांच्या घरात लागतात, हे मान्य. पण एक मॅट तीन महाविद्यालयांनी मिळून घेता येतं, तालुका क्रीडा संकुलात ठेवता येतं, आळीपाळीनं वापरता येतं. बुटांना तर लाखही लागत नाहीत. यातलं काहीच जमत नसेल तर मैदानावरचे खुंट उपटून चार ट्रॉल्या माती टाका आणि ती चाळायचं काम भाऊंवर सोपवा. ते विनामूल्य करतील, वर पाणीही मारतील. आणि तेवढंही करायचं नसेल, तर संस्थाचालकांनी येत्या जूनच्या प्रवेशपुस्तिकेतून कबड्डी संघाचं छायाचित्र काढून टाकावं.