वाचलंस ना?

नाना आधी ग्रुपवर मेसेज टाकतात आणि मग तो टाकल्याचं सांगायला फोन करतात. "सुप्रभात टाकलंय. वाचलंस ना?" तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. सुप्रभातात वाचण्यासारखं काय असतं, हे विचारायची सोय नाही. तुमच्याही घराण्यात एक नाना असतीलच. नसतील तर वडिलांकडे जरा नीट लक्ष द्या.

आमचे नाना कराडला पोस्टात होते. जन्मभर रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्यांवर लोकांच्या सह्या घेतल्या. सही नाही म्हणजे पत्र पोचलंच नाही, हा त्यांचा सिद्धान्त. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या आणि निवृत्त नाना पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

मी शहाणपणा करून सेटिंगमध्ये ती टिक बंद केली. पण ग्रुपवर ती बंद होत नाही! मेसेजवर बोट दाबून धरलं, माहिती उघडली की कोणी किती वाजता वाचलं ते सगळं समोर. नाना ती यादी मतदार यादीसारखी रोज तपासतात. "दहा बेचाळीसला वाचलंस. मग अंगठा का नाही दिलास?"

गुपित हा प्रकार त्यांना मंजूर नाही. त्यांच्या मुतखड्याची सोनोग्राफी ग्रुपवर आली, मागोमाग फोन आला: "पाच मिलिमीटर आहे. बघितलास ना?" बघितला. एका मामेबहिणीने घाईत त्यावर 'अभिनंदन' लिहिलं. भिशीत गेली कित्येक वर्षं अडतीसच्या असलेल्या मामींना नानांनी 'सत्तेचाळीस वर्षे पूर्ण केल्याबद्दल' जाहीर शुभेच्छा दिल्या. मामी ग्रुप सोडून गेल्या. नानांनी त्यांना परत घेतलं आणि फोन केला, "परत घेतलंय. बघितलंत ना?"

२०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली, ती आपल्यालाच उद्देशून आहे अशी त्यांची अजून खात्री आहे. तेव्हापासून ते पाच-पाच नातेवाइकांच्या तुकड्या पाडतात. फोन मात्र प्रत्येकाला स्वतंत्र.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. आईबाबांना कळू नये म्हणून मी रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायचो. एका सकाळी फोन वाजला. आज सुप्रभात नव्हतं.

"आठवडाभर तू रात्री तीनला वाचतोयस."

मी गप्प.

"नोकरी का?"

मी गप्पच.

"बरं. पैसे लागले तर सांग. ग्रुपवर नको."

स्वतःचा मुतखडा सगळ्या खानदानाला दाखवणाऱ्या या गृहस्थाने पुढे माझ्याबद्दल कुठे अवाक्षर काढलं नाही. माझ्या बाबांकडे, म्हणजे सख्ख्या भावाकडेही नाही. फक्त मला दुपारचाही एक फोन यायला लागला. "ताटाचा फोटो टाकलाय. बघितलास ना? तू जेवलास?" पिठलं-भाकरी असायची. ती इतक्या वेळा बघायची खरं तर काही गरज नव्हती.

नवी नोकरी लागली तेव्हा, का कोण जाणे, पहिला फोन नानांनाच लावला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग खाकरले.

"छान झालं. आता ग्रुपवर टाक."

"टाकतो."

"आणि टाकलंस की मला फोन कर."